परातीतला नारळ

"कळशी उलटी झाली की पाणी कुणाच्या डोक्यावर?" असं विचारून हरिहर सरांनी दोरी बांधलेली कळशी गरगर फिरवायला सुरुवात केली.

नववीचा वर्ग भिंतीला चिकटला. कळशी सरांच्या डोक्यावर उलटी होऊन खाली आली, पुन्हा वर गेली. एक थेंब सांडला नाही. पोरांनी कल्ला केला.

नाटे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याला दार नव्हतं. सर सगळं मागून आणायचे. सायकलचं चाक भंगारातलं, गोल फिरणारं स्टूल शिंप्याचं आणि कळशी तर थेट देवीच्या देवळातली. देवळाची झाडलोट गोदा करायची. तिची मुलगी सानवी याच वर्गात, म्हणून आईकडून किल्ली घेऊन कळशी तीच आणायची.

मग सरांनी चाक फिरवून सानवीच्या हातात दिलं. स्टुलावर बसून तिने ते तिरकं केलं, तशी ती स्टुलासकट आपोआप वळली. तिला एवढं हसताना वर्गाने कधी पाहिलं नव्हतं. पण चाक लगेच थांबलं.

"एवढ्यात दमलं, सर?"

"कड हलकी आहे गं. कड जड केली तर थांबायचं नाव घेणार नाही. बघू, काहीतरी गुंडाळू."

तास सुटल्यावर सर म्हणाले, "तू जा घरी. कळशी मी ठेवतो देवळात. किल्ली आईला नेऊन देईन." संध्याकाळी त्यांनी ती नेऊनही दिली. सरांच्या पत्नी मालिनीबाई तेव्हा मुंबईला इस्पितळात होत्या. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे सर असे सगळ्यांच्या कामाला यायचे.

शिमगा तोंडावर आला आणि देवळातली पेटी उघडली, तर देवीची रूपं नाहीत. पालखीत बसवायचे चांदीचे मुखवटे, सगळेच्या सगळे गेलेले. देवळाचं कुलूप मात्र शाबूत होतं.

गावकी देवळात बसली. मानकरी भागोजीने विचारलं, "गोदे, किल्ली कुनाला दिली होतीस?"

"नाय. कुनाला म्हंजे कुनाला नाय." ती अगदी मनापासून सांगत होती; शाळेसाठी दिलेली किल्ली तिच्या हिशेबातच नव्हती.

घरोघर झडती झाली. सरांनी तर कुणी न सांगता शाळेचं कपाट उपसून दाखवलं. कुठेच काही मिळालं नाही. आता वाळीत टाकायची भाषा सुरू झाली. म्हणजे गोदाला विहीर बंद, दुकान बंद, आणि सानवीशी कुणी बोलायचं नाही. विधवा बाई, वाडीच्या जिवावर जगणारी. तिने पदर पसरला.

"नारळ फिरवा. देवी काय ती सांगंल."

त्या गावची ही जुनी रीत. परातीत नारळ आडवा ठेवून फिरवायचा. भोवती सगळ्यांनी बसायचं. शेंडी ज्याच्याकडे थांबेल, तो चोर.

"असं नका करू," सर उठून म्हणाले. "एकविसावं शतक लागलं, भागोजी. नारळ काय सांगणार?"

"तुमीपन बसा गोलात, सर. कुनी सुटायचा नाय."

सर बसले. रघू गुरवाने देवीला गाऱ्हाणं घातलं आणि नारळ फिरवला. तो घरघरला, मंदावला, डुगडुगला आणि थांबला. शेंडी हरिहर सरांकडे होती.

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग ते मोठ्याने हसले.

"घ्या! सापडला चोर!"

सगळं देऊळ हसलं. गोदासुद्धा हसली, बिचारी.

सर नुसते हसून थांबले नाहीत. त्यांनी परातीखाली एका बाजूला चिंचोका सरकवला आणि नारळ पुन्हा फिरवला. शेंडी भागोजीकडे. चिंचोका हलवला, शेंडी गुरवाकडे. "उतार जिकडे, शेंडी तिकडे," सर म्हणाले. "आता सांगा, किती जणांना चोर ठरवू?"

भागोजीने परात बाजूला सारली. "डोळं उघडलंत, सर. नारळ खोटाच." मग तो गोदाकडे वळला. "मंग ऱ्हायली ती किल्लीच."

त्याच बैठकीत गोदाला वाळीत टाकलं. सर पुरावा मागत होते, पण आवाज फार चढवत नव्हते. गोदाने त्यांच्यापुढे हात जोडले. "सर, ह्यां काय केलात? देवीनं सोडवलान असतान मला."

"मी तुमच्याच बाजूने बोललो, गोदाबाई," सर म्हणाले.

पुढे जे व्हायचं ते झालं. गोदा पाण्यासाठी लांब वहाळावर जाऊ लागली. सानवीच्या बाकावर कुणी बसेना. शेवटी मुंबईहून गोदाच्या भावाचा, दीपकचा निरोप आला, दोघी निघून या.

सानवी शाळेचा दाखला न्यायला आली तेव्हा वर्ग रिकामा होता. फक्त सर होते. तेही त्या आठवड्यात मुंबईला निघणार होते. मालिनीबाईंचं ऑपरेशन ठरलं होतं.

"बस. दाखल्यावर सही घेऊन येतो," असं म्हणून ते ऑफिसात गेले. कधी नव्हे ते तिच्याकडे न बघता गेले.

चाक खिडकीत उभं होतं. कडेला नवी काळी चिकटपट्टी, जाड जाड गुंडाळलेली. सरांनी शब्द पाळला होता. सानवीला भरून आलं. ती स्टुलावर बसली, चाक उचललं. केवढं जड! तिने जोर लावून फिरवलं, तिरकं केलं आणि स्टुलासकट वळली. पुन्हा वळली. चाक थांबायचं नाव घेईना. कितीतरी दिवसांनी ती हसली.

हात भरून आले तेव्हा तिने तळवा कडेवर दाबून चाक थांबवलं. घासून पट्टीचं टोक सुटलं. ते नीट चिकटवायला म्हणून ती खाली वाकली, तर फटीतून, ठोकून चपटा केलेला देवीचा चांदीचा डोळा तिच्याकडे बघत होता.