सांध्यावरची रेघ

“ही रेघ पेनाने ओढलेली आहे,” प्रदर्शनाच्या परीक्षकांनी रिळाच्या लांब पट्टीतून फाडलेल्या माझ्या टपाल तिकिटांच्या जोडीवर बोट ठेवलं. “मिस्टरांना बोलवा.”

माझं डोकंच फिरलं. “संग्रह माझा आहे. छपाईच्या दोन पत्र्यांच्या सांध्यात शाई साचते, तिची रेघ ही. भिंग लावा. पोस्टाचा शिक्का रेघेच्या वर बसलाय, आणि तो बत्तीस सालचा आहे. मी काय जन्माआधी पेन घेऊन पोस्टात गेले होते?”

त्यांनी बराच वेळ भिंगातून बघितलं. मग प्रशस्तिपत्रावर ‘रेघ अस्सल’ लिहिलं, आणि खाली संग्राहक म्हणून ‘श्री. गद्रे’.

मी त्यांच्याच हातातलं पेन घेतलं आणि त्या ‘श्री.’वर आडवी रेघ मारली.

“ही मात्र पेनाने ओढलेली आहे.”