तिरकी बिजागरी

सुताराच्या बायकोला पहिलं दार दिसलं पाण्याच्या टाकीच्या भिंतीत, दुसरं पुलाच्या खांबात.

"अहो, टाकीला दार कशाला बसवलंत? मासे का राहायला येणार आहेत?"

"मी नाही बसवलं."

"वरची बिजागरी तिरकी आहे. एवढं वाईट काम गावात दुसऱ्या कुणाला जमतं?"

सुतार जाऊन बघून आला. बिजागरी तिरकीच होती. दाराला अलीकडून कडी नव्हती, तरी ढकलून हलत नव्हतं.

दुपारी लेकीचा शहरातून फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, घरात ती एकटीच होती. दोघं मिळेल त्या रिक्षात बसले.

गावाबाहेरच्या वळणावर रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. काल मोकळा रस्ता होता तिथे भिंत होती. दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर भिंतच, आणि मधोमध तिरक्या बिजागरीचं दार.

"काका, काम तुमचंच दिसतंय," रिक्षावाला म्हणाला. "उघडा की."

सुताराने खांदा लावून ढकललं. दार बोटभर उघडलं. बायकोने "सुटलो बाई" म्हणत पिशवी उचलली.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी खाकरलं, अगदी सुतारासारखं, आणि दार हलकेच लोटून कडी घातली.