पुसलेला धडा

“तो माणूस याही रविवारी वर्गाला आला होता, बेन.” कॉलेजचा शिपाई भाईदास टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवत म्हणाला. “मागे भिंतीला टेकून बसतो. वही नाही, पेन नाही. नुसता ऐकतो.”

चंद्रभागाबाई निकमांनी हातातली टेपची स्पूल खाली ठेवली. “काही बोलला?”

“टेपवर बोलणाऱ्या बाई कोण, कुठे असतात, विचारत होता. मी म्हटलं, कॉलेजात.”

भाईदास पाणी प्यायला निघून गेला. बाईंनी उठून दार लोटून घेतलं.

आणीबाणीतला तो पहिला उन्हाळा. मार्चमध्ये गुजरातेतलं विरोधी पक्षांचं सरकार गेलं आणि तोवर जरा मोकळ्या असलेल्या सुरतेतही धरपकड सुरू झाली. साध्या कपड्यांतले पोलीस चहाच्या हातगाडीवर बसतात, सभेत बसतात, वर्गातसुद्धा बसतात, असं जो तो दबक्या आवाजात सांगे.

बाई राज्यशास्त्र शिकवत. पण त्यांचा जीव होता दुसऱ्याच कामात. मागावर पाळ्या करणाऱ्या खानदेशी कामगारांना त्या बाहेरून बी.ए.ला बसवत. आधी टपालाने छापील धडे पाठवून पाहिले. दमून आलेली माणसं वाचता वाचता पेंगत. मग बाईंनी धडे स्वतःच्या आवाजात टेपवर भरले. प्राचार्य तेव्हा हसले होते. आता त्यांनीच बाईंना या विभागाचं प्रमुख केलं होतं. दर रविवारी भाईदास सायकलला मशीन बांधून कामगारवस्तीत, डिंडोलीच्या शाळेत नेई, आणि तिथल्या खोलीत बाईंचा आवाज घुमे.

त्यातला एक धडा मूलभूत हक्कांचा होता. आणीबाणी यायच्या आधीच भरलेला.

जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. काशीराम रेल्वेत कारकून. त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

“आमच्या ऑफिसातल्या दोघांना नेलंय. घरच्यांना अजून भेटू देत नाहीत. तू ती टेप पुसून टाक.”

“त्यात वावगं काय आहे? पुस्तकात आहे तेच बोललेय मी.”

“पुस्तकाला आवाज नसतो. हा आवाज तुझा आहे.”

त्यानंतर बाईंचं कशातच लक्ष लागेना. बसमध्ये शेजारी कुणी टेकलं की त्या पदर सावरून उठत. कॉलेजच्या फाटकाशी कुणी विडी ओढत उभा दिसला की मागच्या दाराने जात. दारावर थाप पडली की काशीराम आधी खिडकीतून बघे. शेवटी एका दुपारी त्यांनी खोलीला आतून कडी घातली, माइकची वायर काढली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. स्पूल गरगर फिरत राहिली. आपलाच आवाज आपल्याच हातांनी पुसला जाताना त्या बघत बसल्या.

आठवडाभराने एक माणूस कॉलेजात बाईंच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

धुतलेला सदरा, पायांत साध्या चपला. “बाई, मी सुकलाल. मागावर असतो.”

बाई खुर्चीतून उठल्या. “डिंडोलीला मागे भिंतीला टेकून बसता, ते तुम्हीच ना?”

तो हसला. “बाईंनी ओळखलं म्हणायचं.”

“काय काम होतं?”

“परीक्षा जवळ आली. हक्कांचा धडा लागलाच नाही परत.” त्याने मान खाली घातली. “तो ऐकला ना बाई, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपणही कुणीतरी आहोत. म्हणून आलो.”

बोलणं कसं स्वच्छ होतं त्याचं. अहिराणीचा मागमूस नाही. आपल्या टेपा ऐकून ऐकून माणूस इतकं नेटकं बोलायला शिकला, या विचाराने बाईंचा ऊर भरून आला; आणि पाठोपाठ शरम वाटली. अशा माणसाला भिऊन आपण त्याचा धडा पुसला?

“बसा,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासमोरच भरते परत.”

त्यांनी वायर जोडली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग लागला. समोर खराखुरा विद्यार्थी बसला होता, एकटक ऐकत होता. धडा संपत आला तशी त्याने हळूच विचारलं, “बाई, हे हक्क आज आहेत का आपल्याकडे?”

बाईंचा हात बटणाकडे गेला. तिथेच थबकला. मग परत आला.

“नाहीत,” त्या माइकमध्ये म्हणाल्या. “आज काढून घेतलेत. कुणी आणि का, तेही सांगते.”

आणि त्यांनी सांगितलं. कित्येक महिने घशात अडकलेलं सगळं बाहेर आलं. मशीन बंद केलं तेव्हा त्यांना एकदम हलकं वाटलं.

सुकलाल त्यांच्या पाया पडला. “टेप मीच नेतो डिंडोलीला. भाईदासला कशाला खेप?”

त्या रात्री काशीरामला त्यांनी काहीच सांगितलं नाही. पण कित्येक दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

धडा परत भरलाय, एवढं भाईदासला सांगून रविवारी त्या त्याच्याबरोबर स्वतःच डिंडोलीला गेल्या. खोली भरलेली होती. बाईंनी सगळ्यांना नमस्कार केला तसा मागच्या भिंतीशी बसलेला एक म्हातारा धडपडत उठला. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

“हाऊच आवाज शे,” टेपवरचा आवाज ओळखून तो शेजाऱ्याला म्हणाला. “बाईच शेतीस या.”

“हाच तो भिंतीला टेकून बसणारा, बेन,” भाईदास म्हणाला. “उखा नाव. मीही आजच विचारलं. मागावर नजर गेली याची, म्हणून लिहीत नाही. पोरीला शिकवायचंय याला, त्यासाठी तुमचा पत्ता हवा होता.”

बाई त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या.

“तो हक्कांचा धडा लावतो आता,” भाईदास म्हणाला. “टेप आणलीत ना?”

“मी सुकलालकडे पाठवली होती,” बाई म्हणाल्या. “त्याने दिली नाही का?”

भाईदासने खोलीभर नजर फिरवली आणि पुन्हा बाईंकडे बघितलं.

“या नावाचं आपल्याकडे कुणीच नाही, बेन.”