भिंतीपलीकडची ओवी

तिसरी ओवी संपली आणि सुहासिनी थांबली. चौथी तिला येत नव्हती. आईला यायची, पण आई आठ महिन्यांपूर्वी गेली, ती चौथी ओवी सोबत घेऊनच. भजनाला आलेल्या मधुराने टाळ खाली ठेवले. कुणीतरी आरतीचं तबक उचललं.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

‘भरती गं आली बाई, नाव लागली काठाला,
लेक निघाली सासरी, पाणी दाटलं डोळ्याला.’

सुहासिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. हीच ती चौथी. शब्दाला शब्द. आवाज बाईचाच होता, जड, घोगरा, विहिरीच्या तळातून यावा तसा. शेवटच्या अक्षरावर आई सूर हळूच खाली सोडायची, तसाच तोही उतरला आणि विरला. मग नुसती एसीची घरघर.

आखातातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या तिच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी अकरा वाजता सात बायका भजनाला जमत. आई गेल्यापासून सुहासिनी गायची नाही, नुसते टाळ धरायची. आज पहिल्यांदाच तिने माहेरच्या, खाडीकाठच्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. त्या बाकी सहाजणींपैकी कुणालाही ठाऊक नव्हत्या.

मधुराने तिचा हात घट्ट धरला. “सुहासिनी, आईंचं दिवसकार्य नीट झालं होतं ना गं?”

सुहासिनीने हात सोडवून घेतला. ती दहाव्यालाही पोचली नव्हती. सगळं इथूनच, फोनवर पाहिलं होतं.

पुढच्या शुक्रवारी चौघीच आल्या. सुहासिनीने ओव्या म्हणू नयेत, असं मधुराने तिला तीनदा बजावलं. पण आठवडाभर सुहासिनीच्या मनात दुसरं काही नव्हतं. भीती होतीच, भीतीपेक्षा ओढ मोठी होती. तिने तिसरी ओवी म्हटली आणि श्वास रोखून थांबली.

आवाज आला. ती अनवाणीच बाहेर धावली आणि शेजारच्या दाराची बेल दाबली. ओवी अर्ध्यात तुटली. दार कुणी उघडलं नाही. तिने पुन्हा बेल दाबली, दाराला कान लावला. आत पाखरू फडफडल्याचाही आवाज नव्हता.

“मॅडम, घर पे कोई नहीं है,” खालून आलेला वॉचमन म्हणाला. “साब नमाज को गया, मॅडम ड्यूटी पे.”

मागे मधुरा आणि बाकीच्या चपला घालत होत्या.

संध्याकाळी सुहासिनी पुन्हा त्या दारापाशी गेली. हॉस्पिटलच्या गणवेशातल्या इकराने दार उघडलं. आजवर दोघी लिफ्टमध्ये हिंदीत दोन शब्द बोलायच्या, तेवढीच ओळख. आज मात्र सुहासिनीच्या तोंडून मराठीच निघालं. “दुपारी तुमच्याकडे कोण गात होतं हो?”

इकराचे डोळे मोठे झाले. “तुम्ही मराठी? आम्ही दापोलीकडचे, खाडीकाठचे! आणि गाणं? कुणी नाही, ताई. इम्रान नमाजला गेला की तासभर घरात अम्मी एकट्याच असतात. या ना, आत या.”

आतल्या खोलीत, त्याच भिंतीला लागून पलंग होता. पलंगावर समीनाबी, इकराची सासू. उघडे डोळे छताला लागलेले.

“दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला,” चादर सारखी करत इकरा म्हणाली. “तेव्हापासून वाचा नाही. एक अक्षर नाही. आपण काय बोलतो तेही कळत नाही त्यांना.” खोलीत तिसरं कुणी नसल्यासारखी ती बोलत होती. “पुढच्या महिन्यात गावी पाठवतोय. घर बंदच आहे, तिथे एक बाई ठेवलीय बघायला. माझी ड्युटी, इम्रानची साईट, कसं जमायचं? आणि अम्मीला काय, इथे काय नि तिथे काय.”

सुहासिनी पलंगाच्या कडेला बसली. तिने तिसरी ओवी सुरू केली.

‘खाडीच्या पल्याड गं, दिवा कुणाचा दिसतो,
बाप माझा नावाडी, भरतीला गं बसतो.’

समीनाबींचे ओठ थरथरले. छातीतून घरघर उठली, आणि त्या घरघरीतून चौथी ओवी बाहेर आली. पुरती. एकही शब्द न चुकता.

“या अल्लाह!” इकरा पलंगाशी कोसळलीच. तिने सासूचे खांदे धरले. “अम्मी! बोला ना. मी इकरा. अम्मी, काहीतरी बोला!”

समीनाबींचं तोंड वाकडं झालं. “अं… अं…” एवढंच. गालावरून पाणी ओघळलं.

“बोलायला नको लावू गं त्यांना,” सुहासिनी म्हणाली. “थांब जरा.” तिने शब्द सोडून दिले आणि नुसती चाल गुणगुणायला लागली.

समीनाबींचा धड असलेला हात चादरीवर गोल गोल फिरायला लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. डोळे छतावरून खाली आले आणि सुनेच्या चेहऱ्यावर थांबले. त्याच घोगऱ्या आवाजात, त्याच चालीवर त्या गायला लागल्या. आता ती ओवी सुहासिनीच्या आईची नव्हती, समीनाबींची स्वतःची होती.

‘सगळं कळतं गं सुने, सगळं ऐकते मी बाई,
नको धाडू गावाला गं, तिथं माझं कुणी नाही.’