दोन डब्यांच्या मधात

हार्मोनियम वाजली, ढोलकी वाजली, कोरसवाल्यांच्या टाळ्याही आल्या. फक्त बाबा आले नाहीत.

प्रतिक्षाने सीडी बाहेर काढली, ओढणीने पुसली, पुन्हा घातली. तेच. सूर होते, ठेका होता, आणि जिथे बाबांचा, आनंदरावांचा आवाज उसळून यायला हवा तिथे नुसती पोकळी.

"सीडी खराब झाली असन, ताई," जीवन म्हणाला.

"खराब झाली असती तर सगळंच गेलं असतं. नुसता माणूसच कसा जाईल?"

धाकटा भाऊ वाकून वायरी चाचपू लागला.

बाबांना जाऊन सव्वा महिना झाला होता. मोहाडीत तीस वर्षं त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी ते गायन पार्टीत गात. नागपूरच्या स्टुडिओत एकदाच रेकॉर्डिंग झालं, त्याच्या कॅसेटवरून करून घेतलेली ही एकुलती एक सीडी. प्रतिक्षा पुण्याहून पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. आता उद्या परत निघण्याआधी तिला तो आवाज एकदा ऐकायचा होता. एवढंच.

जाण्याच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आला होता. "ये बाई दोन दिवस. एक गाणं ऐकवायचं आहे. मी नाही त्यात." तिला काही उमगलं नाही. जीवनला विचारलं तर तो म्हणाला, बाबा आजकाल कायबी बोलून राहिले, दिवसभर वायरी सोडतात अन् जोडतात. तिने रजा टाकली नाही. बाबांचं डोकं चालत नाही, या गोष्टीचं तेव्हा तिला दुःख झालं होतं. आता ती तिला सोयीची वाटत होती.

जीवनने दोष वायरींवर ठेवला. "पाह्य ना, धाग्यासारख्या आहेत. जाड तांब्याची टाकली का येईन आवाज. नाहीतर हे डबेच काढून टाकू. ब्लूटूथवाला घेऊन टाकू एक."

डबे म्हणजे पुस्तकांच्या कपाटावर दोन टोकांना बसवलेले दोन लहान स्पीकर. बाबांनी स्वतः प्लायवूड कापून केलेले. त्यांच्या समोर, बरोबर मधोमध, एक लाकडी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर आईची शाल.

शेवटी केवळरामला बोलावलं. बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं दुकान असलेला.

"एवढ्याशा खोलीत जाड वायर न् पातळ वायर काय करते रे?" त्याने आल्याआल्या जीवनला उडवून लावलं. "एक डबा उलटा लागला असन. लाल-काळीची गडबड."

त्याने अँप्लिफायर फिरवला. वाकून पाहिलं. मग खाली मांडी घालून पाहिलं.

"हे उलटं नाही. हे भलतंच आहे."

"म्हणजे काय, काका?"

"लाल वायरी दोन्ही बरोबर. पण काळ्या दोन्ही एकमेकीले जोडल्या, अन् मशीनले लावल्याच नाही. असं केलं का दोन्ही डब्यांत जे सारखं असते ते एकमेकाले खाऊन टाकते. बाजूचं राहते, मधातलं जाते. गाणारा मधात असते ना."

"असं चुकून होतं?" प्रतिक्षाने विचारलं.

"पोट्ट्याच्या हातून होईन. उस्तादाच्या?" त्याने जोडावरच्या काळ्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. "हे पाहा, शेपूट दुमडली. रोज उघडायचा जोड असला तरच उस्ताद पट्टीचं टोक दुमडत. अन् पट्टी तर ताजीच आहे, चिकट."

"म्हणूनच म्हटलं होतं ना, ताई," जीवन हळू म्हणाला. "शेवटी शेवटी बाबाले काही समजत नव्हतं."

प्रतिक्षाने होकारार्थी मान हलवली. तिला तेच खरं मानायचं होतं.

"राहू द्या ना तसंच," दारातून आई म्हणाली. ती तिथेच लाखोरीची पालेभाजी निवडत बसली होती. बोटांना काहीतरी काळं चिकटलं होतं, ते नखाने खरडत होती.

"वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे."

आईने पुढची जुडी ओढली. गाण्याच्या बाबतीत ती कधीच बोलत नसे. "एका घरात एक गळा पुरे," बाबा पाहुण्यांसमोर हसत म्हणायचे, आणि आई कप उचलून आत जायची.

केवळरामने जोड सोडला. काळ्या वायरी आपापल्या जागी कसल्या, बटण दाबलं. हार्मोनियम, ढोलकी, टाळ्या, आणि मग बाबा. इतके जवळ की जीवनने दाराकडे पाहिलं. प्रतिक्षा भिंतीला टेकून उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही.

"झालं ऐकून?" आईने विचारलं.

पदराला हात पुसत ती आत आली. अँप्लिफायर बंद केला. केवळरामच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, दोन्ही काळ्या वायरी सोडल्या, त्यांची टोकं एकमेकांत पिळली, कमरेच्या बटव्यातून पट्टी काढून गुंडाळली आणि शेपूट दुमडली.

"वहिनी, हे तुमाले..."

"यायनंच शिकवलं, तुमच्या उस्तादानं."

तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. शाल बाजूला करून खुर्चीत ताठ बसली. हार्मोनियम आली, ढोलकी आली, टाळ्या आल्या, आणि बाबांच्या रिकाम्या जागेवर, पस्तीस वर्षांत प्रतिक्षाने एकदाही न ऐकलेल्या खुल्या आवाजात, आई गाऊ लागली.