गिऱ्हाईक नसेल तेव्हा

घाटकोपरच्या साडीच्या दुकानात एकोणीस वर्षं सोनूबाई उभीच होती. बसायचं ते गिऱ्हाइकाने. पायांच्या शिरा फुगल्या तेव्हा सेल्सच्या सगळ्या बायकांनी युनियन केली, कामगार कार्यालयात खेटे घातले आणि अखेर करारावर शेठची सही घेतली: गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसता येईल. आज सकाळी काउंटरमागे प्रत्येकीसाठी लाल स्टूल आलं. सोनूबाईने ते हौसेने पुसलं, वर पैठण्यांची चळत रचली. “अगं ताई, ते बुडाखाली घ्यायचं, साड्यांखाली नाही!” शेजारच्या काउंटरवरची प्रियंका खिदळली. जीभ चावत सोनूबाईने साड्या उचलल्या आणि ती बेताने टेकली. आहाहा! तेवढ्यात शेठ आत आले. सवयीने ती ताडकन उठली. पण भिंतीवरच्या कराराकडे बघून तिने अदबीने विचारलं, “शेठ, साडी दाखवू?” “मला कशाला साडी?” शेठ गडबडले. पदर सावरत सोनूबाई म्हणाली, “मग बसते.”