कोपराएवढी बटणं

वापरणाऱ्याची सवय बघून स्क्रीन आपणहून बदलणारा नवा फोन चंपावती पावसे वापरतच नाहीत, असं नोंदी सांगत होत्या. तीन महिन्यांत बोटाचा एकही स्पर्श नव्हता. म्हणून कंपनीची डिझायनर रेणुका तो परत न्यायला हर्णैच्या मासळीबाजारात आली.

"नेऊ नको गो," चंपावती म्हणाल्या. खवल्यांनी भरलेले हात वर धरून त्यांनी टोपलीला टेकवलेला फोन कोपरानं दाबला. लगेच फोनमधून बर्फवाल्याचा आवाज आला.

रेणुका वाकून बघत राहिली. तिनं आखलेली बावीस बारीक चिन्हं गेली होती. उरली होती कोपराएवढी तीन बटणं.

"छान बनवलंस," चंपावती म्हणाल्या.

रेणुकानं परतीचा कागद फाडला. "मी नाही, मावशी. तुमच्या कोपरानं."